रजिस्टरात नसलेला रकाना : कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर.

प्रत माहितीसाठी : बेळगावचे जिल्हाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सीमाभागातले सर्व पक्षांचे आमदार.

महोदय,
स. न. वि. वि.

“आधी बीपीची गोळी वेळेवर मिळू दे, मग जीन्सच्या गोष्टी करा.”

सीमाभागातल्या एका तालुक्याच्या गावी आरोग्याची बैठक होती, तिथं हे वाक्य ऐकलं. मागणी फार मोठी नव्हती. थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे जनुकांतून (जीन्समधून) येणारे रक्ताचे आजार, गरोदर बाईची त्यांची तपासणी सरकारी केंद्रातच व्हावी, आणि घरात असा आजार निघाला तर समजावून सांगणारं कुणीतरी तिथं असावं, एवढंच म्हणणं होतं. उत्तर देणारे साहेब कामसू आहेत, वाईट मनाचे नाहीत, त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही. पण विषय तिथंच मिटला. चहा आला, पुढं डेंग्यूच्या फवारणीवर चर्चा सुरू झाली.

बीपीची गोळी वेळेवर मिळावी हे मलाही हवंच आहे. मी स्वतः ती खातो. पण एक गोष्ट देता येत नाही म्हणून दुसरीही द्यायची नाही, हा हिशेब नेहमी आमच्याच वाट्याला का येतो? जनुकांवरचं वैद्यक बेंगळूरच्या माणसासाठी आणि लोहाच्या गोळ्या खानापूरच्या बाईसाठी, अशी वाटणी कुणी लेखी केलेली नाही. कारभार मात्र तसाच चालतो. ते मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त लॅब टेक्निशियन. सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळांत गेली, राहतो खानापूर तालुक्यात. कन्नड वाचतो, लिहितो, रिपोर्टही त्याच भाषेत आणि इंग्रजीत दिले. हे पत्र मराठीत लिहितोय, कारण ज्यांच्याबद्दल आहे त्यांना ते वाचता यावं. शिवाय घटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत सरकारकडं गाऱ्हाणं मांडता येतं, तेव्हा भाषेच्या कारणानं ते बाजूला पडणार नाही अशी आशा आहे.

माझा या विषयाशी संबंध घरातून आहे. आमच्याकडं मामाची मुलगी करायची रीत. माझ्या थोरल्या भावाची मुलगी बहिणीच्या मुलाला दिली. दोन्ही घरं राजी, मुलगा-मुलगीही राजी. त्यांची पहिली मुलगी धडधाकट. दुसरा मुलगा सहा-सात महिन्यांचा झाला आणि दिवसेंदिवस पांढराफटक पडत गेला. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात आईच्या पोटातलं वेगळं हिमोग्लोबिन काही महिने टिकून असतं. ते ओसरलं की थॅलेसेमिया मेजर उघडा पडतो. आता त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चढवलेल्या रक्तातलं लोह शरीर आपण होऊन बाहेर टाकत नाही, ते हृदयात आणि यकृतात साठत जातं, म्हणून ते काढायला डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या रोज. आई आणि बाप दोघंही मायनर, म्हणजे वाहक. दोघांना स्वतःला काही त्रास नाही, कधी होणारही नाही. पण अशा जोडप्याच्या प्रत्येक खेपेला मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक असते, पहिलं मूल चांगलं निघालं तरी पुढच्या खेपेला ती कमी होत नाही. भावात आणि बहिणीत तो बदल आमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला. माझंही रक्त मी तपासून घेतलं, माझ्यात नाही.

नात्यातल्या लग्नावरून आम्हाला शहाणपण शिकवायला बरेच लोक तयार असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाव हिश्श्याच्या आसपास लग्नं नात्यातली निघाली. तमिळनाडूच्या जोडीनं आपलं राज्य या बाबतीत देशात वरच्या नंबरावर आहे. मराठी घरांत मामाची मुलगी चालते, कन्नड घरांत खुद्द मामाही चालतो. रीत चांगली की वाईट यावर सभा घ्यायच्या त्यांनी घ्याव्यात. आरोग्य खात्याचं काम रीत आहे असं धरून पुढं सुरू व्हायला हवं. ज्या राज्यात नात्यात इतकी लग्नं होतात त्या राज्यानं वाहक शोधण्यात सगळ्यांच्या पुढं असायला नको का? आणि नात्याबाहेर लग्न केलं की धोका संपला असंही नाही. देशात बीटा थॅलेसेमियाचे वाहक शंभरात सरासरी तीन-चार आहेत, काही समाजांत त्याहून पुष्कळ जास्त.

आता यंत्राची गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

भावाच्या मुलीचं पहिल्या खेपेचं रक्त सरकारी केंद्रातच तपासलं गेलं. कुठल्या ते लिहीत नाही. रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसीच्या यंत्रानं छापलेला कागद मी नंतर पाहिला. हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही ६३, तांबड्या पेशी ५१ लाख. डॉक्टर मंडळींना माहीत आहे, पण वाचकांसाठी सांगतो. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात आणि संख्येनंही कमी होतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान असतात, पण शरीर त्या भरपूर बनवत राहतं. म्हणून एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षांतल्या आकड्यानं भागायचं. उत्तर तेराच्या खाली आलं तर मायनरचा संशय घ्यायचा, वर गेलं तर बहुधा लोहाची कमतरता. याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात, १९७३ पासून जगाला ठाऊक आहे. ६३ भागिले ५.१ म्हणजे बारा आणि वर थोडं. भागाकार चौथीतल्या मुलाचा आहे आणि दोन्ही आकडे यंत्रानं फुकट छापून दिलेले होते.

ते कुणी वाचले नाहीत, कारण रजिस्टरात रकाना एकच होता, एचबीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा. १०.२ चढवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या तपासणीत एचबी जागचं हललं नव्हतं. मग “गोळ्या खात नाहीस, फेकून देतेस” म्हणून तिला चारचौघांत बोलणी बसली. ती रोज खात होती. सीमाभागातल्या किती बायकांनी अशी बोलणी खाल्ली असतील याची मोजदाद कुणाकडंच नाही, आणि रकाना नसेल तर ती होणारही नाही.

निर्देशांकानं निदान होत नाही, हे मी टेक्निशियन म्हणून आधीच सांगतो. गरोदरपणात दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, लोह फारच कमी असेल तर पुढची तपासणीही फसवते. पण संशय आला की नेस्ट्रॉफ्ट नावाची नळीतली साधी तपासणी करता येते. ०.३६ टक्क्यांच्या बफर्ड सलाईनमध्ये रक्ताचा थेंब टाकायचा, अर्धा तास थांबायचं, नळीमागं काळी रेघ ओढलेला कागद धरायचा. रेघ स्वच्छ दिसली तर ठीक, धूसर दिसली तर एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्राकडं, पाठवायचं. तिथं एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की बहुतेक निकाल लागला. नळीच्या तपासणीला काही रुपये लागतात, वीज लागत नाही, मोठं शिक्षण लागत नाही. आणि हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानानं हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांवर २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, गरोदर स्त्रियांची तपासणी त्यांत सांगितलेली आहे. इतकी वर्षं झाली. जीनोमचं, म्हणजे माणसाच्या सगळ्या जनुकीय माहितीचं, नाव काढलं की कोट्यवधींची यंत्रं डोळ्यांपुढं येतात, इथं पहिली पायरी काचेच्या नळीची आहे आणि तीही चढलेली नाही.

यात वेळेलाही महत्त्व आहे. आई वाहक निघाली तर बापाची तपासणी लगेच हवी. दोघंही निघाले तर गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते. त्यानंतर काय करायचं हे त्या दोघांनी ठरवायचं, कुणी दडपण आणू नये. पण ठरवायला अवधी तरी मिळायला हवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतरही गर्भपाताच्या कायद्यात वीस आठवड्यांपुढं दोन डॉक्टर लागतात, चोवीसच्या पुढं मेडिकल बोर्ड. आमच्याकडं बाई माहेरी नाव घालायची की सासरी यातच दोन महिने जातात. नमुना बेळगावला, तिथून आणखी कुठं, रिपोर्ट परत यायला पंधरवडा. अशानं कायद्यानं दिलेला हक्क वाटेतच संपतो.

पुढचं गाऱ्हाणं अंतराचं आहे. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ साली आलं, त्यात ठरलेल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत आहे. आपल्या राज्यातलं त्याचं केंद्र बेंगळूरला. जनुकीय निदानाच्या मोठ्या प्रयोगशाळा तिथंच, भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाचं नेतृत्व करणारी भारतीय विज्ञान संस्थाही तिथंच. बेळगावपासून बेंगळूर सुमारे ५०० किलोमीटर. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी तिथं पोचायचं, आजारी मूल मांडीवर, रोजगार बुडालेला, आणि ओळखीचं कुणी नाही. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यांत मोठा जिल्हा आमचा. २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांच्या वर माणसं होती. एवढ्या माणसांत आनुवंशिक आजार बेंगळूरपेक्षा कमी असतील असं मानायला काही आधार आहे का? भीमगड अभयारण्यातल्या आमगावसारख्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो, हे दरवर्षी पेपरात येतं. त्या गावाला जनुकीय समुपदेशनासाठी बेंगळूरला या म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणणंच झालं.

आणि तंत्रज्ञान खेड्यात चालत नाही हे कृपा करून सांगू नका. टीबीचं ट्रूनॅट यंत्र बघा. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की वेर्ण्याला ते बनतं. बॅटरीवर चालतं, धूळ-उकाडा सोसतं, टीबीच्या जंतूचं जनुक ओळखतं आणि रिफाम्पिसिनला तो दाद देणार की नाही हेही सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली त्याला मान्यता दिली. ते जंतूचं जनुक, माणसाचं नव्हे, हा फरक मला कळतो. पण नमुना घेणं, नोंद ठेवणं, रिपोर्ट वेळेत देणं, रुग्णाला समजावणं ही कामं तीच, आणि ती करणारे हातही तेच. त्याच वर्षी कोविड आला. आधी आमच्या जिल्ह्याचे नमुने बाहेर जात, मग बेळगावातच आरटी-पीसीआर सुरू झाली. सरकारला घाई असली की किती लवकर होतं ते आम्ही पाहिलंय.

सिकल सेलची मोहीम १ जुलै २०२३ ला पंतप्रधानांनी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी, सतरा राज्यं, त्यांत कर्नाटकही आहे. आपल्या राज्यात तिचं नाव निघालं की म्हैसूर, चामराजनगर, कोडगू डोळ्यांपुढं येतात, तिथल्या आदिवासींची गरज खरीच आहे. पण बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींनाही २०२० साली अनुसूचित जमातींत घेतलं गेलं. खानापूर, हल्याळ, जोयड्याच्या रानात त्यांच्या वाड्या आहेत, शेजारी गवळी-धनगरांचे वाडे आहेत. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा वारसा सिद्दींमध्ये असल्यानं सिकल सेलची विचारपूस त्यांच्याकडं आधी व्हायला हवी. कुठल्या वाडीवर किट पोचलं आणि कुठल्या नाही, हे खात्यानं गावनिहाय जाहीर करावं. मला उत्तर माहीत आहे असा माझा दावा नाही, पण ते लोकांना बघता आलं पाहिजे.

आता सीमेबद्दल. सीमाप्रश्नावर मी इथं लिहिणार नाही. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथंच असू दे. पण वंशावळ सीमा पाळत नाही. माझ्या त्या पुतणीची एक नणंद चंदगडला, दुसरी गडहिंग्लजकडं, एक चुलत जाऊ सावंतवाडीची. एका घरात वाहक सापडला की त्याची भावंडं, मावश्या, आत्या तपासायच्या असतात, खरा फायदा तिथंच असतो. आमच्या घरात ते करायला गेलो तर निम्मी माणसं महाराष्ट्रात निघाली. इकडच्या केंद्रातली चिठ्ठी तिकडं चालली नाही. तिकडच्या टेक्निशियननं भलेपणानं तपासून दिलं, पण ते त्या माणसाचं उपकार करणं झालं, व्यवस्था नव्हे. निपाणीचा माणूस कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो, कारण ते जवळ आहे. त्याच्या खिशातलं कार्ड त्याला तिथं उपयोगी पडेलच याची खात्री त्याला कुणी देत नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकानं हरकत घेतली. हरकतीमागचं राजकारण मी समजू शकतो. त्या बदल्यात आमच्या माणसाला काय दिलं ते मात्र समजलं नाही.

रक्त देण्याबद्दल आमच्या गावांत एक कडवटपणा साचलाय, तोही ऐकून घ्या. शिबिर भरतं, पांढऱ्या कोटातली मुलं येतात, “अभ्यास आहे, रक्त द्या” म्हणतात. लोक देतात, बिस्किटाचा पुडा घेतात, अंगठा उठवतात. कागदावर काय लिहिलंय ते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. रिपोर्ट कधी येत नाही. एका शिबिरातून माझ्या वाड्यातल्या कितीतरी घरांचं रक्त गेलं, कुणाचं नाव मी घेत नाही, पण त्यातून एकाही घराला एक ओळसुद्धा परत आली नाही. जीनोम इंडियाखाली देशभरातल्या दहा हजारांवर माणसांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. चांगलं काम आहे, अभिमान वाटतो. जगभरच्या जनुकीय अभ्यासांत तीन चतुर्थांशांहून जास्त माणसं युरोपीय वंशाची, त्यांच्या मापानं शिवलेलं औषध आपल्याला बसेलच असं नाही. पण गरिबाच्या रक्तातून माहिती काढायची आणि इलाज शहरात ठेवायचा, हे विहीर आमच्या शेतात खणून पोहरा दुसऱ्या गावाला टांगण्यासारखं होईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत संमती ही माणसाला कळणाऱ्या भाषेत घ्यायची असं आहे. आणि भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढायच्या, हे राष्ट्रीय पातळीवर कधीच ठरलंय. जनुकीय तपासणीच्या संमतीपत्रापेक्षा महत्त्वाची सूचना कुठली?

औषधांचाही मुद्दा आहे, तो थोडक्यात. मलेरियाच्या प्रायमाक्विननं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी फुटतात. हृदयाच्या झटक्यानंतर दिली जाणारी क्लोपिडोग्रेल काहींच्या यकृतात नीट जागीच होत नाही, आणि आपल्या भागातल्या लोकांत हा बदल बराच आढळतो. हे सगळं उद्याच प्राथमिक केंद्रात तपासा असं मी म्हणत नाही. आधी नळी, मग एचपीएलसी, मग पुढचं. मात्र तालुक्याच्या डॉक्टरला हे विचारायला फोनच्या पलीकडं कुणीतरी असावं.

उलट बाजूही लिहितो, नाहीतर माझं म्हणणं वाकडं लावलं जाईल. सगळं खापर जीन्सवर फोडायची एक नवी फॅशन येऊ घातलीय. निपाणीच्या विडी कामगार बाईचा खोकला तंबाखूच्या धुळीचा आहे, तिच्या आजीच्या जनुकांचा नव्हे. नळाला गढूळ पाणी आलं आणि मुलं आजारी पडली तर वंशावळ काढायला बसू नये. आणि खात्यानं एक चकचकीत जीनोम केंद्र बेळगाव शहरात उघडून फीत कापली आणि बाकी जिल्हा होता तसाच ठेवला, तर तेही नको. आम्हाला इमारत नकोय.

गुपिताची काळजी वेगळी. आशा ताईला गावातली प्रत्येक सून कुणाची भाची आहे हे तोंडपाठ असतं. तीन पिढ्यांची वंशावळ तिच्याइतकी अचूक कुठला बेंगळूरचा तज्ज्ञ काढणार नाही. पण तीच आशा गावात कुणाची तरी जाऊ असते, कुणाची वहिनी असते. “तिच्या रक्तात दोष आहे” हे एकदा पाणवठ्यावर गेलं की मुलीचं लग्न मोडतं, आणि बहुतेक वेळा मुलीचंच, मुलाचं नाही. वाहक असणं हा दोष नव्हे हे गावाला शिकवायला वेळ लागेल, तोवर निकाल बंद पाकिटातच राहिला पाहिजे. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं जनुकीय आजाराचं कारण पुढं करून विम्याचा दावा नाकारणं हा भेदभाव ठरवला. कोर्टाला जे कळलं ते रजिस्टर उघडं टाकून जेवायला जाणाऱ्या आमच्या कचेऱ्यांनाही कळायला हवं.

आता मागण्या. पहिली अगदी फुकटची आहे. गरोदर बाईच्या नोंदीत एचबीशेजारी एमसीव्ही आणि तांबड्या पेशींचा रकाना घाला, भागाकार तेराच्या खाली आला की लाल शाईनं खूण करा, आणि अशा बाईला बोलणी न देता पुढच्या तपासणीला पाठवा, असं परिपत्रक काढा. दुसरी, बेळगाव जिल्ह्याच्या आणि शेजारच्या उत्तर कन्नडमधल्या सीमेवरच्या तालुक्यांच्या प्रत्येक सामुदायिक आरोग्य केंद्रात नेस्ट्रॉफ्ट सुरू करा. टेक्निशियनना शिकवायला मी आणि माझे निवृत्त सहकारी बिनपगारी येतो, आम्हाला फक्त पत्र द्या.

एचपीएलसीचं यंत्र जिल्ह्याच्या सरकारी व्यवस्थेत असलं पाहिजे, तेही चालू स्थितीत, रिएजंटसकट. यंत्र आहे पण किट संपलंय, हे उत्तर आम्ही नोकरीभर दिलं आणि ऐकलं. गरोदर बाईचा रिपोर्ट किती दिवसांत द्यायचा ही मुदत लेखी ठरवा आणि केंद्राच्या भिंतीवर लावा.

समुपदेशनासाठी नवं खातं नको. ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याच्या सेवेवर तालुक्याचे डॉक्टर तज्ज्ञांशी बोलतातच. त्यावर आठवड्यातला एक ठरलेला दिवस जनुकीय समुपदेशनाला द्या, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत. हो म्हणा किंवा नाही म्हणा असा सल्ला नको, माहिती हवी, निर्णय कुटुंबाचा. संमतीपत्र, माहितीपत्रक आणि निकालाची चिठ्ठी दोन्ही भाषांत छापा. आमच्या गावांतून संशोधनासाठी रक्त न्यायचं असेल त्या प्रत्येक संस्थेला एक अट घाला : ज्याचं रक्त नेलं त्याला निकाल कधी, कुणाकडून मिळणार हे आधी लिहून द्यायचं, आणि नाही मिळणार असेल तर तेही स्पष्ट लिहायचं.

रक्त चढवणाऱ्या मुलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी डे-केअरच्या खाटा हव्यात, म्हणजे दर महिन्याला बेळगावची वारी सुटेल. डेफेरासिरॉक्स खंड न पडता मिळावी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकल सेल आणि हिमोफिलिया आहेत, त्यांची प्रमाणपत्रं तालुक्यातच मिळावीत. कोल इंडियाच्या मदतीनं २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत अस्थिमज्जा रोपणाला दहा लाखांपर्यंत मिळतात, पण त्याआधी भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळवून बघावं लागतं. त्याचे नमुने इथं घ्यायची सोय करा. आमच्या नातवाच्या बहिणीचं अजून जुळवून बघायचंय.

शेवटची मागणी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरही होण्यासारखी आहे. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि गोव्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावं की एका बाजूची चिठ्ठी दुसऱ्या बाजूच्या सरकारी प्रयोगशाळेत चालेल. कुठल्याही सरकारनं आपला हक्क सोडल्याशिवाय हे होतं. पुराच्या वेळी धरणाच्या पाण्याबद्दल दोन्हीकडचे अधिकारी बोलतातच.

पहिल्या दोन मागण्यांना फारसं बजेट लागत नाही, सही लागते. विधिमंडळाच्या येत्या हिवाळी अधिवेशनात बेळगावच्या सुवर्णसौधात आमच्या आमदारांमार्फत हे प्रश्न लेखी विचारायची तजवीज आम्ही काही जणांनी केली आहे. त्याआधी परिपत्रक निघालं तर प्रश्न मागं घेऊ. या पत्राचं उत्तर कन्नड भाषेत पाठवलंत तरी चालेल, मी वाचून गावाला सांगेन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
खानापूर तालुका, जि. बेळगाव